हेल्मेटचा पट्टा सुटतो तेव्हा : नोकरीची चिडचिड आणि संमोहन उपचार

खसगंध (धागाकर्ती) · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नागपुरात धंतोलीत गेली १४ वर्षं मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. एक वाक्य माझ्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की कधीतरी त्यावर निवांत लिहायचंच होतं. "मॅडम, ऑफिसात मी कोणाला काहीच बोलत नाही हो. घरी येऊन लेकरावर ओरडतो."

हे सांगताना माणूस हमखास खाली बघतो. पगार, बदली, साहेबाचा त्रास हे सगळं तो ताठ मानेनं सांगतो, या वाक्याला मात्र मान झुकते. म्हणून माझ्या मते नोकरीच्या ताणाचं खरं दुखणं ऑफिसात नसतं, दाराच्या उंबरठ्यावर असतं.

एका क्लायंटची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोघातिघांचे अनुभव एकत्र केलेत आणि लिहिण्याची परवानगीही घेतली आहे.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. राहायला मानेवाड्यात. दुचाकीवर रोज येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. मुलगा चौथीत. बायको एकदा त्यांना म्हणाली, "तुम्ही आले का घर गप्प होते." ते वाक्य त्यांना इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

पहिल्या भेटीत मी संमोहन करत नाही. त्या दिवशी मुख्यतः विचारते. झोप किती, चहा किती, दारू आहे का, बीपी-थायरॉइड कधी तपासलं, जीव नकोसा होतो का. मग दिवसाचा नकाशा काढायला लावते : किती वाजता, कुठे, अंगात कुठल्या जागी काय होतं. ह्यांच्या नकाशात एक गंमतच निघाली. चार वाजता प्रॉडक्शनची मीटिंग. तिथून जबडा जो आवळला जाई तो घरापर्यंत आवळलेलाच. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्याकडे लक्ष जायचं कारण नाही. घरी आले, गाडी स्टँडला लावली, हेल्मेटचा पट्टा उघडला, दारात मुलाचे बूट आडवे पडलेले दिसले आणि भडका. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या तर जवळजवळ प्रत्येक ओरडणं हेल्मेट काढल्यापासून दहा मिनिटांच्या आतलं होतं. त्यानंतर नाही.

म्हणजे आम्हाला रागाशी दिवसभर झगडायचं नव्हतंच. दहा मिनिटं सांभाळायची होती.

दुसऱ्या भेटीत संमोहन सुरू केलं. मी शिकले त्या पद्धतीनं, पाठ केलेल्या मराठीत : "आपले सर्व स्नायू हळूहळू शिथिल होत आहेत." दोन मिनिटांनी त्यांनी एक डोळा उघडला आणि फार संकोचून म्हणाले, "मॅडम, हे बातम्यांसारखं वाटून राहिलं."

त्या वाक्यानं माझी कामाची पद्धत बदलली. माझं माहेर यवतमाळचं. घरची भाषा मला येते, पण खुर्चीत बसलं की मी ती बाजूला ठेवत असे. त्या दिवशी ठेवली नाही. "खांदे ढिले होऊन राहिले. होऊ द्या. जबड्याले आता काही काम नाही, त्याले सुटी द्या." माणसाचा चेहरा माझ्यासमोर उतरला. आवळलेली मूठ उघडावी तसा.

पुढची अडचण जिन्याची. तंद्री खोल करायला 'तुम्ही दहा पायऱ्या उतरत आहात' हे चित्र सर्रास वापरतात. ह्यांना कारखान्यात दिवसभर लोखंडी जिने चढ-उतार करावे लागत. पायऱ्या म्हटल्या की गुडघाच आठवायचा! मग मी विचारलं, लहानपणी सगळ्यात थंड, सगळ्यात निवांत जागा कुठली होती? ते म्हणाले, आजीच्या घरी मे महिन्यात कूलरला नवीन खस (वाळा) लावायचे, त्यावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटायचा तो. बाहेर ४५ डिग्री, आत सतरंजीवर पोट टेकवून पडलेला पोरगा. यापेक्षा चांगली पायरी मी कुठून आणणार होते? (माझं इथलं नाव तिथूनच आलंय.)

त्या वासात स्थिरावल्यावर सूचना दिली. "तुम्ही चिडणार नाही" अशी सूचना मी कधीच देत नाही. तिच्यात 'चिडणं' हाच शब्द सगळ्यात मोठा ऐकू येतो. सूचना अशी होती : "हेल्मेटचा पट्टा टक्क करून उघडला का श्वास आपोआप लांब सुटते. श्वासासंग जबडा सुटते. मग हात दाराच्या कडीकडे जाते." इतकंच. मग तोच प्रसंग डोळे मिटून पाचसहा वेळा मनात घडवून पाहिला, आडव्या पडलेल्या बुटांसकट. बूट वगळले असते तर सराव खोटा झाला असता.

दोन महिन्यांत सहा भेटी, रोज घरी दहा मिनिटं सराव. राग गेला नाही, जाणारही नव्हता. पण बायको कॅलेंडरवर टिंबं काढत होती. आधी जवळजवळ रोज असणारं टिंब आठवड्यात एकावर आलं. आणि पाचव्या भेटीत त्यांनी आपणहून सांगितलं की चारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरला शांतपणे विचारलं, रात्रीचे मेसेज तातडीचे नसतील तर सकाळी चालतील का? मॅनेजर हो म्हणाला. दोन वर्षं हे विचारायचं राहून गेलं होतं, कारण विचारायला तोंड उघडलं की आवाज चढायचा.

संमोहन म्हणजे झोप नव्हे. लक्ष एका जागी गोळा होतं आणि बाकीचं मागे सरतं. सिनेमात गुंग असताना शेजारचा कधी उठून गेला ते कळत नाही, तसंच काहीसं. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ एक पुतळा आहे, आडव्या होत चाललेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला पुरुष. तो आबे फारियांचा. १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेले हे पाद्री पुढं पॅरिसला गेले. त्या काळात पुष्कळ जण म्हणत होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय प्रवाह निघतो. फारिया म्हणाले, तसलं काही निघत नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. पुतळा पाहून वाटतं की सगळी ताकद त्या पसरलेल्या हातांत आहे. माणसाचं म्हणणं नेमकं उलट होतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध सगळं लिहा.


विवेकवाट · रविवार, रात्री १०.२५

ताई, लेख मनापासून लिहिलाय, म्हणून प्रश्नही मनापासून. मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं मेस्मर या डॉक्टरच्या चुंबकीय प्रवाहाच्या दाव्यांची चौकशी करायला समिती नेमली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए हे शास्त्रज्ञ तिच्यात होते. चुंबकीय प्रवाह वगैरे काही नाही, परिणाम कल्पनेचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मग तुमच्या खोलीत घडतं ते प्लासिबोच, म्हणजे औषधाशिवाय नुसत्या विश्वासानं येणारा गुणच ना? ते क्लायंटला सांगता का? आणि पुरावा किती आहे?


खसगंध · रविवार, रात्री ११.०५

विवेकवाट, हा प्रश्न पहिला आला याचा आनंद आहे.

समितीचा निष्कर्ष मला मान्य आहे. फक्त 'कल्पनेचा परिणाम' हे वाचून लोक पुस्तक मिटतात, आणि माझं काम तिथून सुरू होतं. साहेबाचा फोन येईल या नुसत्या कल्पनेनं छातीत धडधडत असेल, तर कल्पना शरीरावर काम करते हे त्या माणसानं आधीच सिद्ध केलंय. दिशा बदलायची राहिली आहे. आयर्व्हिंग किर्श या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलं की संमोहन म्हणजे फसवणुकीशिवायचा प्लासिबो. साखरेची गोळी औषध म्हणून द्यायला खोटं बोलावं लागतं, इथं लागत नाही. मी क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगते : जादू नाही, तुमच्या अपेक्षेचा आणि सरावाचा उपयोग करणार आहोत.

पुराव्याचं म्हणाल तर सगळीकडे सारखा नाही. पोटाच्या एका चिवट विकारात, ज्याला आयबीएस म्हणतात, आणि शस्त्रक्रिया वा तपासणीच्या वेळच्या वेदना-भीतीत तो चांगला आहे. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २००८ च्या मार्गदर्शिकेत औषधांना न जुमानणाऱ्या आयबीएससाठी संमोहनाचा विचार करा असं लिहिलं. नोकरीच्या ताणासाठी संशोधन त्यामानानं पातळ आहे. म्हणून मी संमोहन एकटं वापरत नाही. विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, हा मुख्य रस्ता. संमोहन त्याला जोड. वरच्या हकिगतीतला दिवसाचा नकाशा हा सीबीटीचाच भाग होता.

आणि ते सगळ्यांना सारखं लागूही पडत नाही. संमोहनक्षमता मोजायची स्टॅनफर्डची पट्टी १९५९ पासून आहे. ढोबळमानानं दहा-पंधरा टक्के माणसं फार सहज तंद्रीत जातात, साधारण तितकीच जवळजवळ जात नाहीत, बाकीची मधली. न जाणाऱ्याला मी महिनोन्‌महिने खुर्चीत बसवत नाही, दुसरी वाट धरते.


डॉक्टर_मेडिकलचौक · सोमवार, सकाळी ७.१५

फिजिशियन म्हणून थोडी भर घालतो. चिडचिड वाढली म्हणून थेट मनाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी शरीर तपासा. थायरॉइड जास्त काम करत असेल तर माणूस तापट होतो, हात थरथरतात, वजन उतरतं. साखर अचानक उतरली तरी राग येतो. बी-१२ पाहा. आणि जोरात घोरणारा, दिवसा गाडी चालवताना पेंगणारा माणूस असेल तर झोपेत श्वास अडखळतो का ते पाहायलाच हवं. अशा माणसाला रात्रभर विश्रांतीच मिळालेली नसते.

दुसरं, पुरुषांत नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसतं. आपल्याकडे ते 'स्वभाव' म्हणून खपून जातं. ज्यांना भास होतात, उन्मादाचे झटके येऊन गेलेत, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये. फीट येत असेल तरी आधी आपल्या डॉक्टरला विचारा. नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलतात.


वर्धारोडवाला · सोमवार, दुपारी १.५०

ताई, तुमची पोस्ट वाचली अन् जेवता जेवता थांबलो. मी एका फायनान्स कंपनीत रिकव्हरीत आहो. कंपनीचं नाव नाही सांगत. दिवसभर दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, शिव्या ऐकतो, वरून साहेबाचा फोन, आज किती आले? महिनाअखेर तर इचारूच नका. घरी आलो का बायकोनं नुसतं "चहा ठेवू का" म्हटलं तरी डोकं फिरते. मायी पोरगी पाच वर्षाची आहे. परवा मी आलो त पडद्यामागं जाऊन उभी राहिली. मले वाटलं खेळून राहिली. खेळून नव्हती राहिली.

हेल्मेटचं तुम्ही लिहिलं ते मले कसं करता येईल? फी भरून यायची आत्ता सोय नाही, खरं सांगतो.


पाटोडी · सोमवार, दुपारी ३.१०

वर्धारोडवाला भाऊ, तुमचं वाचून डोळे भरून आले. तुम्ही हे लिहिलंत हेच मोठं आहे.

आमच्याकडे अधिवेशनाचा ताण. आमचे हे सरकारी कार्यालयात कक्ष अधिकारी आहेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात आलं की तारांकित प्रश्न, लक्षवेधी, रात्री अकराला फोन, सकाळी आठच्या आत उत्तराचा मसुदा. ते दोन-तीन आठवडे आम्ही घरात पावलं न वाजवता चालतो. अधिवेशन संपतं, पण चिडचिड संक्रांतीपर्यंत पुरते. ह्यांना डॉक्टर, समुपदेशक वगैरे काही पटत नाही. माझा प्रश्न असा, ते झोपल्यावर मी मोबाइलवर संमोहनाचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावलं तर चालेल का?


खसगंध · सोमवार, रात्री ९.२०

पाटोडीताई, नाही. तुमची तळमळ समजते, पण नाही. एक तर झोपलेल्या माणसाला संमोहन होत नाही, त्याला जागं लक्ष लागतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या नकळत त्यांच्या मनावर काही करणं योग्य नाही, भलेही ते त्यांच्या भल्यासाठी असो. कळलं तर तुमच्यावरचा विश्वासही जाईल. त्यापेक्षा अधिवेशन नसताना, रविवारी सकाळी पोहे खाताना एकच वाक्य बोलून बघा : "तुम्ही आल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही काहीच विचारणार नाही, तुम्हाला चालेल का?" उपचार नको असलेला माणूससुद्धा दहा मिनिटांना नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

वर्धारोडवाला भाऊ, मुलगी पडद्यामागे का गेली हे तुम्हाला कळलं आणि ते तुम्ही स्वतःपासून लपवलं नाही, यातच निम्मं काम झालंय. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या तपासण्या मेडिकलला करून घ्या. तोवर हा सराव करा. रोज एकदा, दहा मिनिटं, घरी खुर्चीत बसून. गाडीवर अजिबात नाही, आणि उठल्याबरोबर गाडी काढायची नाही. पाणी प्या, थोडं थांबा. तुमच्याच बोलीत लिहिते.

"पाय जमिनीले टेकू द्या. समोरच्या भिंतीवरचा एक ठिपका पहा. श्वास घ्या, अन् सोडताना घेतला त्यापेक्षा लांब सोडा. डोळे जड झाले का मिटू द्या, नाही झाले तरी मिटा. आता जबडा. वरचे दात अन् खालचे दात, मधात थोडी जागा. जीभ सुटी. खांदे ढिले होऊन राहिले. हाताचे पंजे मांडीवर पडून आहेत, त्याईले आता कोणाच्या दाराची कडी वाजवायची नाही. दहापासून एकापर्यंत उलटे मोजा, हर आकड्याले थोडं अजून आत. एकावर आले का आपल्या निवांत जागी या. तिथं काय दिसते, काय वास येते, हवा कशी आहे, ते पाहू द्या. घाई नाही."

तिथं दोन-तीन मिनिटं राहिलात की मग प्रसंग : "गाडी स्टँडले लागली. पट्टा टक्क झाला. श्वास लांब सुटला. जबडा सुटला. दार उघडलं. पोरगी दिसली." हे तीन वेळा. शेवटी एकापासून पाचापर्यंत मोजा, हातपाय ताणा, डोळे उघडा.

पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही असं वाटेल. वाटू द्या. ज्या दिवशी ओरडाल त्या दिवशीही सराव चुकवू नका. चुकवावासा वाटतो तो नेमका त्याच दिवशी. आणि एक सांगून ठेवते. हे उपचार नव्हेत, उपचार सुरू होईपर्यंतची सोय आहे. सराव करताना भीती वाटली, नको त्या आठवणी उसळल्या तर लगेच डोळे उघडून थांबा.


लक्ष्मीनगरचे_आजोबा · सोमवार, रात्री १०.००

मी शाळेत असताना गणपतीत एकानं संमोहनाचा प्रयोग केला होता. माझ्या जिवलग मित्राला स्टेजवर बोलावून कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला. सगळं मैदान हसलं. तो पुढं वर्षभर माझ्याशीसुद्धा नीट बोलला नाही. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला तो चेहरा आठवतो. माझ्या मुलाला त्याच्या डॉक्टरांनी संमोहन सुचवलंय. ताई, माणसाचा स्वतःवरचा ताबा जातो का? अन् उठलाच नाही तर? शिवाय सून म्हणते पूर्वजन्मात नेणारेही असतात, तिथं कारण सापडतं.


खसगंध · सोमवार, रात्री १०.४५

आजोबा, तुमच्या मित्राबरोबर जे झालं ते वाईट झालं. स्टेजवाला गर्दीतून सहज तंद्रीत जाणारे निवडून घेतो, आणि वर शेकडो डोळ्यांचा दबाव असतो. नको म्हणायची हिंमत शाळकरी पोराला कुठून येणार? उपचारात दार बंद असतं, बघे नसतात आणि क्लायंट कधीही "थांबा" म्हणू शकतो. म्हणतातही. संमोहन सुरू करण्याआधी मीच थांबवायचा सराव करून घेते. ताबा जात नाही, गुपितं आपोआप बाहेर पडत नाहीत. आणि उठला नाही असं होत नाही. फार तर खरीच झोप लागते, मग माणूस नेहमीसारखा जागा होतो.

पूर्वजन्माला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तंद्रीत माणूस जे रंगवतो ते त्याला खऱ्या आठवणीइतकंच खरं वाटू शकतं. खोट्या आठवणी कशा रुजतात यावर एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांचं कितीतरी वर्षांचं संशोधन आहे. साहेबाच्या जाचाचं कारण मागच्या जन्मात शोधलं तर या जन्मातला साहेब मोकळाच राहतो.

मुलाला एवढं विचारायला सांगा : संमोहन करणाऱ्याचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी असते, तिचा क्रमांक मागायचा हक्क आहे. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली माणसंही याच शहरात बसलेली आहेत.


मिहान_रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ४.३०

ब्रेकमध्ये लिहितोय. मिहानमधल्या एका कंपनीत टीम लीड आहे, अमेरिकेच्या वेळेनं काम. टीममध्ये सतत खटके. एचआर म्हणतंय एक दिवसाची सामूहिक संमोहनाची कार्यशाळा घेऊ, पोरांची टार्गेट झेलायची ताकद वाढेल. ताई, तुम्ही घ्याल का अशी कार्यशाळा?


खसगंध · मंगळवार, रात्री ९.३०

या प्रश्नाचं उत्तर मी दिवसभर मनात घोळवत होते.

श्वास कसा सोडायचा, जबडा-खांदे कसे ढिले करायचे, पाळी संपल्यावर झोप कशी आणायची, एवढं मी सगळ्यांना मिळून आनंदानं शिकवीन. 'टार्गेट झेलायची ताकद वाढवा' ही सूचना मी देणार नाही. कारण सांगते, आणि ते सांगणं मला जड जातंय.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. वसुलीचे फोन करायचं काम. रोज रडून यायची, आईवर खेकसायची. मी पाच भेटी संमोहन केलं. गुणही आला. झोप सुधारली, खेकसणं थांबलं. मला समाधान वाटलं. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा कळलं की तिथं तिचा वरिष्ठ तिला सगळ्यांसमोर घाणेरडं बोलत होता, आणि माझ्या उपचारामुळे ते सहन करणं तिला जमू लागलं होतं. "तुम्ही शिकवलेला श्वास घेत होते मी," ती म्हणाली. तिची चिडचिड तिला ओरडून सांगत होती की इथून नीघ, आणि मी ती चिडचिड शांत करून टाकली होती. माझ्याकडून झालेली ही सगळ्यात मोठी चूक. तेव्हापासून नकाशा काढताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते : हा राग कोणावर निघतोय आणि खरा कोणावर आहे? खरा राग बरोबर जागी असेल तर त्याला हात लावत नाही. फक्त तो लेकरावर सांडणार नाही एवढं बघते.

पुढं एक नर्स आली. सलग दोन-दोन ड्युट्या, सुटी नाही. तिसऱ्या भेटीत मी संमोहन थांबवलं आणि आम्ही दोघींनी बसून ड्युटीच्या तक्त्याबद्दलचा अर्ज लिहिला. ती भेट तिला सगळ्यात उपयोगी पडली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं : थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. शब्द नीट वाचा, कामाच्या ठिकाणच्या. तुमच्या एचआरला सांगा, आधी पाळ्यांचा तक्ता दाखवा. दोन पाळ्यांत झोपेला किती तास उरतात ते मोजू. मग मी येते.


मिहान_रात्रपाळी · बुधवार, पहाटे ५.१०

तक्ता काढून बघितला. टीममधल्या चौघांना आठवड्यातून दोनदा पाळी बदलते. हे मीच मंजूर केलं होतं. उद्या बदलतोय.


विवेकवाट · बुधवार, सकाळी ८.००

त्या मुलीची हकिगत उघडपणे लिहिलीत, त्याबद्दल आदर वाटतो. माझी प्लासिबोची शंका अजून पूर्ण गेलेली नाही, पण हे काम मी वेगळ्या खणात ठेवतो.


वर्धारोडवाला · तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०.१५

ताई, धागा वर आणतो, सांगायचं होतं. मेडिकलले जाऊन आलो. थायरॉइड बरोबर निघालं, बीपी वाढलेलं निघालं, गोळी चालू झाली. मानसोपचारच्या ओपीडीतही नाव काढलं, दोनदा जाऊन आलो.

सराव केला. पहिला आठवडा काईच नाही. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस पट्टा उघडला अन् श्वास आपल्या आपून सुटला, मी आठवण केली नव्हती. मी तसाच गाडीपाशी उभा राहिलो. मंग परवा महिनाअखेर होती, त्या दिवशी पुन्हा ओरडलो. लय वाईट वाटलं. पण सराव चुकवला नाही, तुम्ही म्हटलं होतं म्हणून.

मायी निवांत जागा फुटाळा तलाव आहे, पावसाळ्यातला, सकाळचा. एक इचारायचं आहे. रेकॉर्डिंग करून ऐकलं त सोपं जाईन असं वाटते. बायको म्हणते मी बोलते. तिच्या आवाजात करू का माया?


खसगंध · शुक्रवार, रात्री १०.५०

ओपीडीत गेलात, फार बरं केलंत. तिथल्या डॉक्टरांना या सरावाबद्दलही सांगा. महिनाअखेरचं ओरडणं नकाशात लिहून ठेवा, तो पुढच्या भेटीचा विषय आहे.

आवाज तुमचाच ठेवा. बायकोचा आवाज कानाला कितीही गोड असला तरी ज्या घरात राग निघतो त्याच घरातला आहे. एखाद्या दिवशी भांडण झालं तर रेकॉर्डिंग लावावंसं वाटणार नाही. शिवाय तुमच्याच तोंडून निघालेलं 'होऊ द्या' तुम्हाला लवकर पटेल. हळू बोला. दोन वाक्यांत एक पूर्ण श्वास जाऊ द्या.


वर्धारोडवाला · रविवार, सकाळी ९.०५

काल केलं रेकॉर्डिंग. मधात पोरगी आली, मांडीवर बसली, बाबा कोणासंग बोलून राहिला म्हणून इचारलं. तेही त्याच्यात आलं. पुन्हा करायले बसलो होतो, मंग राहू दिलं.